पाणीपुरवठा आणि मलनिस्सारण सेवेची कार्यक्षमता कशी मोजावी : ठाणे आणि नवी मुंबईच्या संदर्भात

महापालिकेचा पाणीपुरवठा विभाग किती काम करतो हे सांगणारे आकडे मुबलक असतात : रोज किती दशलक्ष लिटर पाणी दिले, किती नळजोडण्या झाल्या, किती किलोमीटर जलवाहिन्या टाकल्या. तेवढे काम करण्यासाठी धरणातून किती पाणी उचलावे लागले, किती वीज जळली, किती खर्च झाला आणि किती माणसे राबली, हे आकडे मात्र चार खात्यांच्या चार नोंदवह्यांत विखुरलेले असतात. कार्यक्षमता म्हणजे या दोन बाजूंचे गुणोत्तर. ते काढणे पाचवीच्या भागाकाराइतके सोपे असले, तरी भागाकारातील दोन्ही संख्या खऱ्या आहेत की नाहीत हे तपासणे अवघड असते, आणि या लेखाचा बराचसा भाग त्या तपासणीवरच खर्च होणार आहे. पालिकेतील कनिष्ठ अभियंते, प्रभागात काम करणारे नागरिकांचे गट आणि या विषयावर प्रकल्प करणारे विद्यार्थी डोळ्यांसमोर ठेवून तो लिहिला आहे.

केंद्रीय नगरविकास मंत्रालयाने २००८ मध्ये सेवांच्या पातळीचे २८ निर्देशक ठरवून दिले. त्यांपैकी नऊ पाणीपुरवठ्याचे आणि नऊ मलनिस्सारणाचे आहेत. उरलेले घनकचरा आणि पावसाळी पाण्याच्या निचऱ्याचे. दरडोई दररोज १३५ लिटर पाणी, चोवीस तास पुरवठा, सर्व जोडण्यांना मीटर, बिनमहसुली पाणी (ज्या पाण्याचे बिल होत नाही ते) २० टक्क्यांपर्यंत, देखभाल खर्चाची पूर्ण भरपाई आणि ९० टक्के वसुली ही त्यांतील पाण्याची प्रमुख उद्दिष्टे. सुरुवात या यादीपासून करणे योग्य आहे, कारण तिच्या व्याख्या ठरलेल्या आहेत आणि सर्व शहरांना त्याच लागू होतात. मात्र या यादीत विजेचा वापर नाही आणि मनुष्यबळही नाही. त्यामुळे ती सेवेची पातळी बऱ्यापैकी सांगते, पण ती पातळी गाठण्यासाठी काय मोजावे लागले हे अर्धवटच सांगते.

पहिली पायरी : हद्द आखून घ्या

कोणताही आकडा मागवण्यापूर्वी कागदावर एक रेघ ओढावी आणि तिच्या आत काय येते व बाहेर काय जाते हे लिहावे. ठाण्यात ही रेघ ओढणे किचकट आहे, कारण ठाणे महापालिकेची स्वतःची योजना असली तरी घाऊक पाणी पुरवणारी स्टेम कंपनी, एमआयडीसी आणि मुंबई महापालिका यांच्याकडूनही शहराला पाणी मिळते. विकत घेतलेल्या पाण्याचे देयक विक्रेत्याच्या मीटरवरून निघते. तो मीटर शहराच्या हद्दीपासून दूर असेल, तर मधल्या वाहिनीतील गळती कोणाच्या खात्यावर टाकायची हे आधी ठरवावे लागते.

नवी मुंबईकडे मोरबे हे स्वतःच्या मालकीचे धरण आणि भोकरपाडा येथे ४५० दशलक्ष लिटर क्षमतेचे जलशुद्धीकरण केंद्र असल्यामुळे तिथला हिशेब सोपा वाटतो. पण मोरबेचे काही पाणी हद्दीबाहेरच्या कामोठ्याला आणि वाटेतील गावांना जाते, तर एमआयडीसी पट्ट्यातील काही वस्त्यांना एमआयडीसीकडून पाणी मिळते. बाहेर दिलेले पाणी वजा केले नाही, तर ते शहराच्या गळतीत मोजले जाते. बाहेरून आलेले पाणी मिळवले नाही, तर गळती कागदावरून नाहीशी होते.

हद्दीबरोबर कालावधीही ठरवावा. आर्थिक वर्ष घेणे सोयीचे असते, कारण खर्चाचे आकडे त्याच कालावधीचे मिळतात. मात्र बिलांची आवर्तने प्रत्यक्ष वापराच्या मागे चालतात. एप्रिलमध्ये निघालेल्या बिलात आधीच्या महिन्यांचा वापर असतो. म्हणून विकलेल्या पाण्याचा आकडा बिलाच्या तारखेवरून न घेता वाचनाच्या तारखेवरून घ्यावा.

दुसरी पायरी : मुख्य मीटर तपासा

शहरात किंवा एखाद्या जलकुंभाच्या क्षेत्रात येणारे पाणी मोजणारा मीटर हा या सगळ्या हिशेबाचा पाया असतो. तो बंद असेल आणि ‘पंप अमुक तास चालला, म्हणजे अमुक पाणी आले’ असा अंदाज चालू असेल, तर पुढची सारी गुणोत्तरे शोभेची ठरतात. पंपाच्या पाटीवर लिहिलेला प्रवाह नव्या पंपाचा असतो. दहा वर्षे झिजलेला पंप तेवढे पाणी देत नाही.

पडताळणीची सर्वांत स्वस्त पद्धत म्हणजे जलकुंभालाच माप बनवणे. जलकुंभाची बाहेर जाणारी झडप बंद करून पाणी भरू द्यावे, ठरावीक वेळात पातळी किती चढली ते मोजावे आणि त्याच वेळेतल्या मीटरच्या वाचनाशी ताडून पाहावे. २० मीटर व्यासाच्या गोल टाकीचे क्षेत्रफळ सुमारे ३१४ चौरस मीटर असते, म्हणजे पातळी एक मीटर चढली की ३१४ घनमीटर पाणी आत आले. झडप पूर्ण बंद होते याची खात्री आधी करून घ्यावी. गळक्या झडपेमुळे निर्दोष मीटरही जास्त दाखवतो असे भासते. जिथे टाकी रिकामी करून भरता येत नाही, तिथे वाहिनीला बाहेरून बसवायचा अल्ट्रासॉनिक मीटर आणून काही दिवस समांतर नोंदी घ्याव्यात.

तिसरी पायरी : पाण्याचा ताळेबंद

आंतरराष्ट्रीय जल संघटनेची ताळेबंदाची पद्धत आता अनेक देशांत वापरली जाते. तिचे तत्त्व सरळ आहे : आलेल्या पाण्यातून अधिकृत वापर वजा केला की तूट उरते, त्या तुटीतून मीटरचे दोष आणि पाणीचोरी वजा केली की प्रत्यक्ष गळती उरते. एक काल्पनिक जलकुंभ क्षेत्र घेऊन हे करून पाहू.

समजा, रोज २०,००० घनमीटर, म्हणजे २० दशलक्ष लिटर पाणी येते. मीटरवरून बिल होणारा वापर १३,००० घनमीटर आहे. ठोक दराने बिल होणाऱ्या झोपडपट्टी व चाळींतील जोडण्यांचा अंदाज १,५०० घनमीटर आहे. अग्निशमन, सार्वजनिक नळ, वाहिन्या धुणे, पालिकेच्या इमारती असा बिल न होणारा पण अधिकृत वापर ५०० घनमीटर आहे. अधिकृत वापर १५,००० झाला, तूट ५,०००. बिल झालेले पाणी १४,५०० असल्यामुळे बिनमहसुली पाणी ५,५००, म्हणजे २७.५ टक्के.

आता मीटर सरासरी ४ टक्के कमी वाचतात असे नमुना तपासणीत आढळले असेल, तर १३,००० मागचा खरा वापर सुमारे १३,५४२ होतो आणि ५४२ घनमीटरचा फरक मीटरदोषाचा ठरतो. अनधिकृत जोडण्यांचा अंदाज ८०० धरला, तर प्रत्यक्ष गळती ३,६५८ घनमीटर उरते.

या पद्धतीची अडचण इथेच आहे आणि ती सहसा सांगितली जात नाही. गळती कोणी मोजलेली नसते. ती शेवटी उरलेली बाकी असते आणि वरच्या प्रत्येक आकड्याची चूक त्या बाकीत येऊन साचते. मुख्य मीटर ५ टक्के जास्त वाचत असल्याचे उद्या सिद्ध झाले, तर खरी आवक १९,०४८ घनमीटर होते. बिनमहसुली पाणी २७.५ वरून २३.९ टक्क्यांवर येते, पण प्रत्यक्ष गळती ३,६५८ वरून २,७०६ वर, म्हणजे एकदम २६ टक्क्यांनी घसरते. एका मीटरच्या दुरुस्तीने एवढी ‘गळती’ जमिनीत फावडे न घालता थांबते. म्हणून गळती कमी झाल्याचा कोणताही दावा वाचताना, त्या काळात मुख्य मीटर बदलला होता का, हा प्रश्न आधी विचारावा.

ग्राहकांच्या मीटरबाबत आपल्याकडच्या दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. सोसायट्यांच्या भूमिगत टाकीत पाणी बॉल कॉकमधून येते. टाकी भरत आली की धार बारीक होते आणि जुने यांत्रिक मीटर ती बारीक धार नोंदवतच नाहीत. याउलट पुरवठा दिवसातून ठरावीक तासच असेल, तर पाणी सोडताना वाहिनीतली हवा बाहेर पडते आणि मीटर पाण्याविना फिरतो. दोन्ही चुका परस्परांना फेडतील असे गृहीत धरू नये. प्रत्येक प्रकारच्या ग्राहकाचे काही मीटर काढून चाचणी केंद्रावर तपासणे हाच मार्ग आहे.

टक्केवारीबाबतही सावध राहावे. वरच्याच उदाहरणात उद्याने, बांधकामे आणि शीतकरण यांसाठी प्रक्रिया केलेले सांडपाणी वापरले जाऊ लागले आणि पिण्याच्या पाण्याची विक्री २,००० घनमीटरने घटली, तर आवक १८,०००, विक्री १२,५०० आणि बिनमहसुली पाणी तेच ५,५०० राहील. टक्केवारी मात्र ३०.६ होईल. काम चांगले झाले आणि गुण कमी पडले, असा हा प्रकार. म्हणून टक्केवारीसोबत दर जोडणीमागे व दर किलोमीटर वाहिनीमागे रोज किती लिटर गळती होते हे नेहमी द्यावे. पाणी सहा तासच येत असेल, तर गळतीही दाब असताना त्या सहा तासांतच होते. तेच जाळे चोवीस तास दाबाखाली ठेवले, तर गळती सुमारे चौपट होऊ शकते. पुरवठ्याचे तास न सांगता दिलेला गळतीचा आकडा त्यामुळे अपुरा समजावा.

पहाटे दोन ते चार या वेळेतला किमान प्रवाह मोजून गळती ओळखण्याची पद्धत पुस्तकांत असते. रात्रीच टाक्या भरणाऱ्या गृहसंकुलांच्या भागात ती जशीच्या तशी चालत नाही, कारण तिथे पहाटेचा प्रवाह हा वापरच असतो. त्या भागात एका रात्रीपुरत्या ग्राहकांच्या झडपा बंद करून चाचणी घ्यावी लागते. हे कष्टाचे काम आहे आणि व्हॉल्व्हमनच्या मदतीशिवाय होत नाही. कोणती झडप खरोखर बंद होते आणि कोणती नुसतीच फिरते, हे नकाशापेक्षा त्याला जास्त ठाऊक असते.

चौथी पायरी : वीज

दर हजार लिटरमागे किती युनिट वीज लागली, एवढाच आकडा बहुतेक अहवालांत असतो. तो शहरांच्या तुलनेसाठी फसवा आहे. नदीच्या पात्रातून पाणी उपसून टेकडीवरच्या जलकुंभापर्यंत चढवणाऱ्या शहराला, उतारावरून पाणी येणाऱ्या शहरापेक्षा जास्त वीज लागणारच. म्हणून उंची हिशेबात घ्यावी. हजार लिटर पाणी १०० मीटर उंच चढवण्यासाठी कोणतीही नासाडी न होता ०.२७२५ युनिट वीज लागते. पंप आणि मोटर यांची एकत्रित कार्यक्षमता ६५ टक्के असेल, तर हाच आकडा ०.४२ होतो. प्रत्येक पंपगृहासाठी प्रत्यक्ष युनिट, उपसलेले पाणी आणि एकूण शीर्ष, म्हणजे उंची व घर्षण मिळून, या तीन नोंदी घेतल्या की कार्यक्षमता काढता येते. ती ५० टक्क्यांच्या खाली आढळली, तर पंप बदलण्याचा खर्च किती काळात वसूल होईल हे बिलावरूनच सांगता येते.

वीज बिलातील ऊर्जा आकार (वापरलेल्या युनिटांचे पैसे) आणि मागणी आकार (एका वेळी लागणाऱ्या कमाल भाराचे पैसे) वेगळे ठेवावेत. शक्ती गुणांक (घेतलेल्या विद्युतभारापैकी प्रत्यक्ष कामी येणारा वाटा) सुधारून बिल कमी झाले, ही चांगली गोष्ट आहे. पण ती पैशाची बचत आहे, विजेची कार्यक्षमता नव्हे.

पाचवी पायरी : पैसा आणि माणसे

इथे वसुलीचा आकडा सर्वांत जास्त दिशाभूल करतो. चालू वर्षाच्या मागणीपैकी चालू वर्षात किती वसूल झाले, हे प्रमाण हवे असते. प्रत्यक्षात थकबाकीसह आलेली सारी रक्कम चालू मागणीने भागली जाते आणि अभय योजनेच्या वर्षी वसुली शंभर टक्क्यांच्याही पुढे गेलेली दिसते. दंड आणि विलंब शुल्क माफ करून गोळा केलेली जुनी थकबाकी ही कार्यक्षम वसुलीची खूण मानणे मला पटत नाही. तिची ओळ वेगळी असावी.

खर्चाची भरपाई काढताना विभागाबाहेर नोंदवला गेलेला खर्च शोधावा लागतो : आस्थापना खात्यात दाखवलेले पगार, विद्युत विभागाकडे गेलेली वीज बिले, कंत्राटी मीटर वाचनाचा खर्च, घाऊक पाणीखरेदीची न भरलेली देयके. घसारा आणि कर्जावरील व्याज धरले आहे की नाही हे शीर्षकातच लिहावे, कारण दोन्ही पद्धती प्रचलित आहेत आणि त्यांचे निष्कर्ष फार वेगळे येतात.

मनुष्यबळासाठी ‘दर हजार जोडण्यांमागे किती कर्मचारी’ हा जगभर वापरला जाणारा निर्देशक आहे. आपल्याकडे तो तसाच घेऊ नये. एका सोसायटीची एकच जोडणी शंभर घरांना पाणी देते, तर चाळीत दर घरामागे जोडणी असते. जोडण्यांऐवजी घरे मोजावीत आणि कंत्राटी कामगार अवश्य मोजावेत.

सहावी पायरी : नळापाशी काय पोहोचते

पुरवठ्याचे तास जलकुंभापाशी न मोजता वाहिनीच्या शेवटच्या टोकाला मोजावेत. कळवा, मुंब्रा, दिवा येथील टेकडीलगतच्या वस्त्या किंवा घोडबंदर रस्त्यावरील नवी संकुले यांची सरासरी पाचपाखाडीच्या सरासरीत मिसळली की कोणालाच आपले शहर ओळखू येत नाही. प्रभागनिहाय दरडोई पुरवठा काढावा आणि सर्वाधिक व सर्वांत कमी यांतील अंतर सरासरीच्या शेजारीच छापावे.

दरडोई आकड्याचा छेद लोकसंख्या असतो आणि तोच सर्वांत कच्चा असतो. २०११ च्या जनगणनेत ठाण्याची लोकसंख्या सुमारे १८.४१ लाख आणि नवी मुंबईची सुमारे ११.२० लाख होती. त्यानंतरच्या वर्षांसाठी वापरलेला प्रत्येक आकडा हा अंदाज आहे. विभाग निधी मागताना मोठी लोकसंख्या आणि सेवेचे गुण मिळवताना लहान लोकसंख्या धरत असेल, तर दोन अहवाल शेजारी ठेवले की ते लगेच उघड होते.

गुणवत्तेसाठी नमुन्यांची संख्या आणि ते घेतलेली ठिकाणे, दोन्ही मागवावीत. शुद्धीकरण केंद्राच्या दारात घेतलेला नमुना उत्तीर्ण होणारच. भारतीय मानकानुसार उर्वरित क्लोरीन किमान ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर असायला हवे, ते ग्राहकाच्या टोकाला. तक्रारींबाबत एवढेच पाहावे की बंद केलेल्या तक्रारींपैकी किती त्याच पत्त्यावरून पुन्हा आल्या.

सातवी पायरी : मलनिस्सारण

मलनिस्सारणाचे मोजमाप पाण्याच्या ताळेबंदावर उभे आहे, म्हणून ते नंतर करावे. वापरलेल्या पाण्याच्या ८० टक्के सांडपाणी होते असा रूढ नियम आहे. मात्र तो पुरवठ्याला न लावता वापराला लावायचा असतो. वरच्या उदाहरणात २०,००० घनमीटरला ८० टक्के लावले, तर सांडपाणी १६,००० येते. खरा वापर, म्हणजे अधिकृत वापर अधिक मीटरदोष आणि चोरी, १६,३४२ आहे. त्याचे ८० टक्के १३,०७४ होतात. प्रक्रिया केंद्रात रोज ११,००० घनमीटर पोहोचत असतील, तर पहिल्या हिशेबाने संकलन ६९ टक्के आणि दुसऱ्याने ८४ टक्के ठरते. बोअरवेल आणि टँकरच्या पाण्याचे सांडपाणीही त्याच गटारात जाते, ते छेदात मिळवायला हवे. नाहीतर टँकरवर जगणाऱ्या भागात संकलन फुगलेले दिसते.

मोजणी फेब्रुवारी ते एप्रिल या कोरड्या महिन्यांत करावी. पावसाळ्यात मॅनहोलमधून आणि नाल्यांतून पाणी शिरते आणि केंद्र ‘पूर्ण क्षमतेने’ चालल्याच्या नोंदी होतात. खाडीकिनारी आणखी एक तपासणी करावी. वाशी, नेरूळ, बेलापूरच्या सखल भागांत उधाणाच्या भरतीला खाडीचे पाणी फुटक्या वाहिन्यांत शिरू शकते. केंद्राच्या प्रवेशद्वारी क्लोराइड किंवा विद्युतवाहकता भरतीच्या आणि ओहोटीच्या वेळी मोजली, तर हे स्वस्तात कळते. खारे पाणी उपसण्यात आणि शुद्ध करण्यात गेलेली वीज कोणत्याही अहवालात वेगळी दिसत नाही.

प्रक्रियेची क्षमता, प्रत्यक्ष प्रक्रिया झालेले पाणी, प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रातील अटींनुसार उत्तीर्ण झालेले पाणी आणि पुन्हा विकले गेलेले पाणी हे चार वेगळे आकडे आहेत. नवी मुंबईत कोपरखैरणे आणि ऐरोली येथे प्रत्येकी २० दशलक्ष लिटरचे तृतीय स्तरावरील (पुनर्वापरासाठी सांडपाणी आणखी शुद्ध करणारे) प्रक्रिया प्रकल्प उभारले गेले आहेत. अशा ठिकाणी क्षमतेवर न थांबता, वर्षभरात मीटरवरून बिल झालेले पुनर्वापराचे पाणी मागावे. २००८ च्या निर्देशकांत पुनर्वापराचे उद्दिष्ट २० टक्के आहे, आणि ते सोडलेल्या किंवा उद्यानाच्या कडेला वाहून गेलेल्या पाण्याने पूर्ण होत नाही.

सेप्टिक टाकीवर असलेली घरे, मैला उपसणाऱ्या गाड्यांच्या फेऱ्या आणि त्या गाड्या कुठे रिकाम्या होतात याच्या नोंदी याच पायरीत घ्याव्यात. सार्वजनिक शौचालयांत केवळ आसने न मोजता, पाणी, दिवा आणि दार असलेली आसने मोजावीत. मॅनहोलमध्ये माणूस उतरवून काम स्वस्तात झाले, तर तो खर्च कार्यक्षमतेच्या बाजूला कधीच धरू नये. हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय असे काम करून घेण्यास मनाई आहे.

आठवी पायरी : इतर शहरांशी तुलना

आधी शहराची तुलना स्वतःच्या मागच्या तीन वर्षांशी करावी, नंतर समान परिस्थितीतल्या शहरांशी. अनेक निर्देशकांचा मिळून एकच गुण हवा असेल, तर डेटा एन्व्हलपमेंट ॲनालिसिस ही पद्धत वापरतात. फॅरेल यांनी १९५७ मध्ये मांडलेल्या कल्पनेवरून चार्न्स, कूपर आणि ऱ्होड्स यांनी ती १९७८ मध्ये सूत्रबद्ध केली. कमीत कमी साधनांत जास्तीत जास्त सेवा देणाऱ्या संस्थांची सीमारेषा आखायची आणि इतरांचे तिच्यापासूनचे अंतर मोजायचे, असे तिचे स्वरूप आहे. निविष्टींत, म्हणजे लागलेल्या साधनांत, देखभाल खर्च, कर्मचारी आणि वीज. निष्पत्तीत, म्हणजे दिलेल्या सेवेत, बिल झालेले पाणी, सेवा मिळणारी घरे आणि प्रक्रिया झालेले सांडपाणी, अशी निवड पुरेशी असते. संस्थांची संख्या निविष्टी व निष्पत्ती यांच्या बेरजेच्या किमान तिप्पट असावी, हा संकेत पाळावा. महाराष्ट्रात २९ महापालिका आहेत. त्यामुळे निविष्टी व निष्पत्ती मिळून नऊपेक्षा जास्त चल घेऊ नयेत.

या पद्धतीचा मोठा दोष असा, की खर्च लपवणारी किंवा विक्री फुगवणारी संस्था थेट सीमारेषेवर जाऊन बसते आणि प्रामाणिक हिशेब देणाऱ्या संस्था तिच्या तुलनेत अकार्यक्षम ठरतात. म्हणून प्रत्येक आकड्याला विश्वासार्हतेची श्रेणी द्यावी. २००८ च्या पद्धतीत अशा चार श्रेणी आहेत; प्रत्यक्ष मोजमापावर आधारलेला आकडा वरच्या आणि निव्वळ अंदाज खालच्या श्रेणीत येतो. सर्वांत खालच्या श्रेणीचे आकडे सीमारेषा आखताना वगळावेत आणि सीमारेषेवर आलेली प्रत्येक संस्था एकदा वगळून हिशेब पुन्हा करावा. एकीला काढल्यावर सगळी क्रमवारी उलटी होत असेल, तर ती क्रमवारी प्रसिद्ध करू नये.

माहिती कुठून मिळवावी

अर्थसंकल्प, वार्षिक लेखे, पर्यावरण सद्यस्थिती अहवाल आणि लेखापरीक्षणातील आक्षेप यांतून निम्मी माहिती निघते. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाच्या प्रकल्पात २००९ पासून महाराष्ट्र व गुजरातमधील शहरांची या सेवांची माहिती गोळा केली जाते. मागच्या वर्षांच्या तुलनेसाठी ती उपयोगी पडते. उरलेल्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज करावा. उत्तराची सर्वसाधारण मुदत ३० दिवसांची आहे. अर्जात ‘गळती किती’ असे विचारू नये, कारण त्याचे उत्तर तयार टक्केवारीत येते. मुख्य मीटरची दैनंदिन वाचने, मीटर अखेरचा कधी तपासला त्याचा दाखला, ग्राहक प्रकारानुसार बिल झालेले घनमीटर, पंपगृहनिहाय वीज बिले आणि प्रक्रिया केंद्राच्या प्रवाहनोंदी अशा कच्च्या नोंदी मागाव्यात. अर्ज डिसेंबरमध्ये केला, तर उत्तर जानेवारीत हाती येते आणि फेब्रुवारीत अर्थसंकल्पाची चर्चा सुरू होण्यापूर्वी एका जलकुंभ क्षेत्राचा तरी ताळेबंद पूर्ण करता येतो.